आईच्या हातची आंबील

रुटोबो
१२ फेब्रुवारी १९९६

मेराब,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढी एक ओळ वाच. झिपोरा परत आली आहे.

तुझा बोट्स्वानाचा पत्ता दाऊदीने दिला. त्याला तो कुठून मिळाला हे सांगायला तो तयार नाही, म्हणजे तूच दिला असणार. माझ्या मुलाशी बोलतेस, माझ्याशी अठरा वर्षं नाही. असो. ते उगाळायला मी हे पत्र लिहीत नाही.

झिपोरा म्हणजे तीच, एरिसाची बायको. नवऱ्याच्या खड्ड्यात माती पडत असताना आईकडे बोट करून "हिच्या घरी प्यायला आणि मेला" असं ओरडलेली. दोन वर्षांनी ती चहाच्या मळ्यांवर मजुरीला निघून गेली, आणि तिचं ते एक वाक्य मात्र इथेच राहिलं. ती मेली असं मी ऐकलं होतं. शनिवारी मी अंगणात घेवड्याच्या शेंगा वाळत घालत होते. वर बघते तर कुंपणापाशी एक पांढऱ्या केसांची बाई.

"कोण ते?"

"अहो दाऊदीची आई, मी झिपोरा."

"झिपोरा मेली म्हणतात."

"नाही, अजून नाही," ती म्हणाली आणि आत येऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. चिखलातच. "येशूने माझं तारण केलंय. मला तुमच्याशी बोलायचंय."

तारण पावलेली बाई सकाळी सकाळी दारात आली की तिला एक तर मीठ हवं असतं नाहीतर ऐकणारा माणूस. मी म्हटलं, "बोल."

"तुमच्या आईने एरिसाला काही घातलं नव्हतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. मी खोटं बोलले. मला क्षमा करा."

मेराब, इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायला आसुसले होते. ऐकलं तेव्हा मला रडू आलं नाही की राग आला नाही. पहिला विचार हा आला, की हिला काय हवंय?

मी म्हटलं, "ऊठ. लुगडं खराब होतंय."

ती उठली. मग शेंगांत शिरलेली कोंबडी हाकलून निघून गेली.

ती तिच्या मुलाच्या घरी, देवळामागच्या उतारावर राहते. खोकते. इथे पुरायला जागा हवी म्हणून आली असेल? की मुलाला देवळाच्या पंच कमिटीत घुसवायचंय? एकवीस वर्षांनंतर कुणी उगाच गुडघे टेकत नाही. तुझं म्हणणं कळव. तुला माणसं माझ्यापेक्षा बरी कळतात, असं आई म्हणायची.

युनिया


रुटोबो
५ मार्च १९९६

मेराब,

तुझं उत्तर नाही. टपालाला तीन आठवडे लागतात, हे धरून अजून रागावलेले नाही.

माझा पाय मोडला. बटाट्याच्या शेतातून खाली उतरताना घसरले ती थेट दोन बांध खाली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. दाऊदीची बायको कंपालाहून आली, चार दिवस राहिली, रोज संध्याकाळी परतीच्या बसची चौकशी करत होती, म्हणून मीच म्हटलं जा. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी झिपोरा पाण्याची घागर घेऊन दारात हजर.

"तुला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"पाणी लागेलच की."

तेव्हापासून रोज येते. झाडते, सरपण आणते, दुपारी झाकण लावलेल्या भांड्यात घेवड्याचं कालवण आणि बटाटे ठेवून जाते. मी काही वेडी नाही. पहिल्या दिवशी ते कोंबडीला घातलं. कोंबडी जिवंत आहे, पण कोंबडीवरून माणसाचं काय सांगावं? दुसऱ्या दिवसापासून ती गेली की काठी टेकत मागच्या केळींत जाते, भांडं ओतते, धुते आणि दुसऱ्या दिवशी परत देते. "छान झालं होतं" असंही म्हणते. खोटं कशाला म्हणायचं? पण मग तिने विचारलं असतं. मी रताळी उकडून खाते. चूल बसल्या बसल्या पेटवता येते.

आता खरी गोष्ट. मला चालता येत नाही म्हणून गुरुवारची प्रार्थनासभा माझ्याच अंगणात भरली. तुला आठवत असेल, आपली तारण पावलेली मंडळी एकमेकांसमोर पापं कबूल करतात, मग सगळे मिळून स्तुतीगीत गातात. तू हसायचीस. म्हणायचीस, "यांची पापं दर आठवड्याला तीच, फक्त कपडे बदलून येतात." त्या दिवशी झिपोरा उभी राहिली आणि तिचं पाप तसलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. ज्या दिवशी आईच्या शेतावर वीस माणसं खणायला आली आणि आईने सगळ्यांना ज्वारीची आंबील दिली, त्याच संध्याकाळी एरिसाने घरी जाऊन झिपोराने चोरून गाळलेली केळ्याची दारू प्यायली. ती नासली होती. तिला वास आला होता, तरी तिने ओतून दिली नाही, कारण तो मागत होता आणि मारत होता. दोन दिवस त्याला दिसेनासं झालं, मग तो गेला. त्याचे भाऊ विचारू लागले, काय प्यायला, कुठे प्यायला. "मी घाबरले," झिपोरा म्हणाली. "तोंडात पहिलं नाव आलं ते केझियाबाईंचं, यांच्या आईचं. विधवा बाई, मागे कुणी पुरुष नाही. पहिलं नाव आलं असंही नाही. मी निवडलं."

पेरेसी रडायला लागली. ही पेरेसी आईच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे, आणि आता सगळ्यांत मोठ्याने हीच रडत होती. मग पाळक येरिमिया माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, तुम्ही काय म्हणता?"

चाळीस डोळे. मी माता-संघाची अध्यक्ष. दर महिन्याला मी बायकांना सांगते की देवाने आपल्याला किती माफ केलंय, तेव्हा आपण कशाला हात आखडायचा.

"मी क्षमा करते," मी म्हटलं. शाळेत निकाल वाचायचे तशा आवाजात. लगेच गाणं सुरू झालं. झिपोराने गायलं नाही, ती माझ्याकडे बघत होती.

वीस माणसं प्यायली होती, मेराब. एकच मेला. एकोणीस जण कसे जगले हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. मी शाळेत शिकवायचे, मीही नाही.

युनिया


रुटोबो
२४ मार्च १९९६

मेराब,

मी चौकशी केली. पाय मोडला तरी माझ्याकडे बातम्या येतात.

पुरायच्या जागेचा प्रश्नच नाही, तिच्या सासऱ्याच्या शेतात हवी तेवढी जागा आहे. तिच्या मुलाला कमिटीत यायचं नाही, तो देवळातही नाताळालाच दिसतो. तो उलट माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "बाई, आईला समजवा. ती गावभर जाऊन आमची अब्रू काढतेय. आमच्या पोरांना शाळेत चिडवतात, दारूवालीची नातवंडं म्हणून."

"गावभर म्हणजे?"

तेव्हा कळलं. झिपोरा घरोघर जात होती. आईच्या हातचं खाणं ज्यांनी ज्यांनी सोडलं त्या प्रत्येक घरी. अकरा घरं. तीच वाक्यं बोलायची. मी खोटं बोलले, तुम्ही माझ्या खोट्यावर चाललात, केझियाबाई तीन वर्षं एकटी जेवली आणि एकटी मेली, तिला मारलं ते मी. कुणी तिच्या गळ्यात पडून रडलं. कुणी म्हणालं, जुनं कशाला उकरतेस. पेरेसीने, त्याच सभेत रडणाऱ्या पेरेसीने, भांडी धुतलेलं पाणी तिच्या अंगावर फेकलं. "म्हणजे दोष आमचा होय? आम्ही खोट्यावर विश्वास ठेवला म्हणून?" दुसऱ्या दिवशी झिपोरा पुन्हा तिच्या दारात गेली. तिसऱ्या दिवशी पेरेसीने आत घेतलं म्हणतात.

मला वाटलं, यामागे पाळकांचा हात असणार. ईस्टरला बिशप येणार आहेत, त्यांच्यापुढे अशी साक्ष झाली की रुटोबोचं नाव होईल. मी पाळकांना सरळ विचारलं. ते ओशाळले. म्हणाले, "मी सुचवलं होतं, खोटं कशाला बोलू. ती नाही म्हणाली."

मी झिपोराला विचारलं, "बिशपांसमोर का नाही बोलत?"

ती रताळी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "खोटं मी मंडपात नव्हतं सांगितलं, बाई. घरोघर सांगितलं होतं. तेव्हा घरोघरच जाऊन परत घ्यायचं."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतातच आहेत."

हेही नाटक असू शकतं. जितकं कमी मागावं तितकं जास्त मिळतं, हे कळणारी माणसं मी पाहिली आहेत. पण खरं सांगते, मला आता भीती वाटू लागली आहे. ती काय मागेल याची नाही. ती काहीच मागत नाही, याची.

परवा मी विचारलं, "आता किती घरं राहिली?"

"झाली सगळी."

"मग आता दम खा."

तिने सुरी खाली ठेवली. "दाऊदीची आई, त्या वर्षांत मी गाईला गवत कापायला ओढ्याकाठी यायचे. रोज सकाळी. शाळा भरायच्या आधी."

एवढंच बोलली, भांडं उचललं आणि गेली. म्हातारी झाली आहे, काहीतरी बरळते. तिच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. तुला लिहायचंही कारण नव्हतं, पण लिहिलं.

युनिया


रुटोबो
१७ एप्रिल १९९६

मेराब,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "ताई, झिपोराने काय केलं ते कळलं. तू काय केलंस?"

मी काय केलं? आईला तिच्या घरी जाऊन रोज भेटत होते, आणखी काय करणार होते? सगळ्या रुटोबोत तिच्या दारात पाऊल टाकणारी मी एकटी होते. तू काबालेला नर्सिंग शिकत होतीस, सुट्टीत आठ दिवस यायचीस, डोळे मोठे करून सगळ्यांना बोल लावायचीस आणि निघून जायचीस. मी इथे राहत होते. माझी तीन मुलं इथल्या शाळेत होती. तिची पेटी उचलायला चार माणसं मिळेनात, तेव्हा मी आणि दाऊदीच्या बाबांनी उचलली. कबरीपाशी तू मला विचारलंस, "तू तिच्या हातचं खात होतीस ना?" मी म्हटलं, "हो. मी तिची मुलगी आहे." तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, पिशवी उचललीस आणि चालू लागलीस. एवढ्यावरून अठरा वर्षं!

मला वाटलं, झिपोरानेच तुला काही लिहून कळवलं असणार. ती आली तेव्हा मी तिला धारेवर धरलं.

"माझ्या बहिणीला तू पत्र लिहिलंस?"

"मला लिहिता कुठे येतं, बाई?"

"दुसऱ्याकडून लिहवलं असशील. ओढ्याकाठी काय पाहिलंस तू?"

तिने झाडू उचलला.

"बोल! घरोघर बोलत फिरलीस, माझ्याच घरात तोंड का बंद?"

"माझं होतं ते मी बोलले. ते तुमचं आहे."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाही नाही."

"एकवीस वर्षांत?"

"कुणालाच नाही."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "तेव्हाच सांगितलं असतंस तर तुझं खोटं पक्कं झालं असतं. लोक म्हणाले असते, बघा, पोटची पोर सुद्धा..." आणि मी थांबले, मेराब. मी स्वतःच बोलून बसले.

झिपोराने ते ऐकलं, पण पकडलं नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर सांगितलं नाही. तेवढी लाज उरली होती माझ्यात."

हे पत्र टाकावं की नाही कळत नाही. टाकते.

युनिया


रुटोबो
९ मे १९९६

मेराब,

प्लास्टर निघालं. आता लिहिते ते नीट वाच, कारण पुन्हा लिहिण्याचं धैर्य होणार नाही.

आई रोज पहाटे आंबील करायची. लोकांनी तिला टाकल्यावरही. शाळेत जाताना मी तिच्या दारावरून जायचे. ती भोपळ्याचा तुंबा भरून माझ्या हातात द्यायची, "पोरांना पाज, तूही घे." देण्याआधी रिवाजाप्रमाणे स्वतः एक घोट घ्यायची, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्यापुढे! पोटच्या मुलीपुढे तिला घोट घेऊन दाखवावा लागत होता. मी तुंबा घ्यायचे, हसायचे, ओढ्यापर्यंत जायचे, इकडेतिकडे बघायचे आणि ओतून द्यायचे. मग तुंबा वाळूने घासून धुवायचे. परत येताना तिच्या दारात ठेवायचे. "पोरांनी संपवली, आई. आणखी मागत होती."

तीन वर्षं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. ती गेली त्याच्या आदल्या सकाळीसुद्धा.

मला खरंच वाटत होतं का की आई विष घालेल? नाही. पण "जर घातलं तर" एवढं मनात आलं, आणि त्या "जर"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलांचा प्रश्न होता, असं मी स्वतःला सांगायचे. पण मी स्वतःही प्यायले नाही. गावातल्या बाकीच्यांनी निदान तोंडावर नाही म्हटलं. मी घेतलं आणि ओतलं.

कबरीपाशी मी तुझ्याशी खोटं बोलले.

हे आत्ता का लिहिते, ते सांगते. मागच्या आठवड्यात सोमवारी झिपोराने भांडं ठेवलं. ती गेल्यावर मी मागे केळींत गेले. प्लास्टर नव्हतं, त्यामुळे झपझप गेले. भांडं तिरकं केलं, आणि माझाच हात मला दिसला. मनगट कसं वळवायचं, शिंतोडे पायावर येऊ नयेत म्हणून किती वाकायचं, सगळं त्या हाताला पाठ होतं. अर्धं कालवण जमिनीत गेलं होतं. मी तिथेच बसले आणि उरलेलं हातानेच खाल्लं. थंड होतं, मीठ जास्त होतं. अंगणात बसून मरणाची वाट बघितली म्हटलंस तरी चालेल. मेले नाही. दुसऱ्या दिवशी झिपोराला म्हटलं, "काल मीठ जास्त झालं होतं." ती एकदम हसली. दोन महिन्यांत मी तिच्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं होतं. तिला सगळं कळत होतं, मेराब, केळींत काय ओततेय तेसुद्धा. तरी रोज आणत होती. मी विचारलं, "का आणत होतीस?" म्हणाली, "तुमचा विश्वास बसेपर्यंत आणायचं ठरवलं होतं. नसता बसला तरी चाललं असतं. मीच तुम्हाला घाबरायला शिकवलं."

गुरुवारी मी सभेत उभी राहिले. जे तुला लिहिलं तेच सांगितलं, तुंबा, ओढा, सगळं. कुणी गाणं म्हटलं नाही. पेरेसी म्हणाली, "म्हणजे आम्ही एकट्याच नव्हतो," आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, ते मला सुईसारखं लागलं. माता-संघाच्या दोघीजणी नंतर माझ्याकडे न बघता गेल्या. त्यानंतरच्या रविवारी बाकावर माझ्या शेजारी जागा रिकामी राहिली. आईच्या बाकावर अशीच राहायची. झिपोरा मागून उठून आली आणि त्या जागेवर बसली. लोकांना काय वाटलं असेल ते वाटो.

देवाकडे मी क्षमा मागितली. तशी वीस वर्षं दर रविवारी मागतच होते, पण कशाची ते न सांगता. देवाकडे मागणं सोपं, तो रुटोबोत राहत नाही, वाटेत भेटत नाही. झिपोरा म्हणते, त्याने दिलेली आहे, आता ती घेऊन माणसांत चालायचं, एवढंच आपलं काम. तिला वाचता येत नाही, मी माता-संघाची अध्यक्ष, आणि हे मला तिने सांगावं!

आई नाही. म्हणून तुझ्याकडे मागते. तू देशील असं मला वाटत नाही, आणि दिलीस तर मी आधी संशयच घेईन. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तरी मागते.

तुझी ताई


फ्रान्सिसटाउन
८ जून १९९६

ताई,

तुझं पत्र आठ दिवस माझ्या एप्रनच्या खिशात आहे. वॉर्डात काम करताना हात त्याला लागतो. तीन उत्तरं लिहिली, तिन्ही फाडली. हे फाडण्याआधी टपालात टाकणार आहे.

तू ओढ्यात ओतत होतीस हे मला तेव्हाच ठाऊक होतं. झिपोराने नाही सांगितलं. आईने सांगितलं.

तिच्या शेताच्या वरच्या बांधावरून ओढा दिसतो, हे तू विसरलीस. ती पहिल्या आठवड्यातच बघून बसली होती. शेवटच्या सुट्टीत मी घरी होते. पहाटे ती आंबील ढवळत होती, खोकत होती, उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "झोप ना आई. एवढी कुणासाठी करतेस?" तेव्हा तिने सांगितलं, अगदी सहज, जसं गाय आटली म्हणून सांगावं तसं. मी संतापले. म्हटलं, "ती ओतून देते आणि तू करतेस? आत्ता जाऊन तिला विचारते." तिने माझा हात धरला.

"काही विचारायचं नाही. ती तीन लेकरांची आई आहे, घाबरलीय. आंबील घ्यायला म्हणून रोज सकाळी माझ्या दारात येते ना? मी आंबील केली नाही तर ती कशाला येईल?"

ताई, ती आंबील पोरांसाठी नव्हती. ती तुझ्यासाठी होती. तुझा चेहरा दिसावा म्हणून.

आता माझं ऐक. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. त्याच दिवशी आईने माझ्याकडे तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. "मी गेल्यावर युनियाला सांग, मला सगळं ठाऊक होतं. माझ्या मनात काही नाही. देवाने माझं जसं पुसलं तसं मी तिचं पुसलं. तिला जन्मभर ते वागवू देऊ नकोस." हेच शब्द. मला वचन द्यायला लावलं.

मी द्यायलाच निघाले होते. पण आधी तू खरं बोलतेस का, ते बघायचं ठरवलं. आईने अशी अट घातली नव्हती, ती माझी होती. कबरीपाशी मी विचारलं आणि तू "हो" म्हणालीस. मी मनात म्हटलं, बरं, मग राहा तशीच. निरोप गिळला, पिशवी उचलली आणि गेले. पुढे दर वर्षी वाटायचं, आता कळवावं. दर वर्षी म्हणायचे, आधी तिने बोलू दे. तुझी एक ओळही येत नव्हती, आणि मला ते बरं वाटायचं. दाऊदी भेटला तेव्हा त्याने सांगितलं, तू रात्री उठून बसतेस, झोप लागत नाही. तेव्हाही मी गप्प राहिले. मी नर्स आहे. औषध कपाटात ठेवून रोग्याकडे बघत बसणाऱ्याला काय म्हणतात, ते मला माहीत आहे.

झिपोरा खोटं बोलली, एकवीस वर्षांनी का होईना परत घेतलं. तू ओतलंस, सांगितलंस. मी तुझी क्षमा अठरा वर्षं दडवून ठेवली. ती आईची होती, तुला द्यायची होती, माझी नव्हतीच. आज पाठवते आहे. उशीर झाला.

माझं काय करायचं ते तू ठरव. घाईने उत्तर लिहू नकोस, आणि सभेत बोलतेस तशा आवाजात तर मुळीच लिहू नकोस. रागावली असशील तर रागावून लिही. डिसेंबरात माझी महिन्याची रजा आहे. ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन.

मेराब